जावयाने दिलेले टायर

आमच्या गल्लीच्या तोंडाशी घड्याळ दुरुस्तीचे एक दुकान आहे आणि त्याच्या पाठीला पाठ लावून एक लाँड्री. दुकान घड्याळजींचे, लाँड्री त्यांच्या बायकोची. घड्याळजींना घड्याळजी यापलीकडे कुणी काही म्हणत नाही, आणि त्यांच्या बायकोला सगळी गल्ली मावशी म्हणते. तिच्याहून वयाने मोठे असलेलेही म्हणतात, कारण इस्त्रीचे कपडे शेवटी तिच्याच हातून परत यायचे असतात. नवराबायकोच्या धंद्यात फरक एवढाच, की लाँड्रीत सतत काहीतरी चालू असते आणि दुकानात सतत काहीतरी बंद पडलेले असते.

घड्याळजींचे एक ठरलेले व्याख्यान आहे. गिऱ्हाईक घड्याळ घेऊन येते, ते मागे पडते म्हणून सांगते, आणि मोठ्या भाबडेपणाने पुढे सांगते की मी रोज सकाळी बोटाने काटा जरा पुढे सारून घेतो. झाले. घड्याळजी डोळ्यावरचे भिंग कपाळावर चढवतात आणि शांतपणे सुरू करतात, की काटा हा बिचारा निरोप्या आहे. मागची चाके त्याला जे सांगतात ते तो तुम्हाला येऊन सांगतो. निरोप चुकीचा आला म्हणून निरोप्याच्या मानेवर हात ठेवायचा नसतो, मागे कोण काय बोलले ते बघायचे असते. गल्लीतल्या निम्म्या लोकांना हे व्याख्यान पाठ आहे. उरलेले निम्मे मोबाइलवर वेळ बघतात.

मावशीकडे एक पिकअप आहे. गावाबाहेर टेकडीवर मोठे इस्पितळ आहे, तिथल्या चादरी, अभ्रे आणि पडदे धुण्याचे काम लाँड्रीकडे. रोज सकाळी धुतलेल्या चादरींची गाठोडी हौद्यात रचायची, टेकडी चढायची, आठची घंटा व्हायच्या आत माल उतरवायचा आणि मळलेली गाठोडी घेऊन खाली यायचे. घंटा झाली की वरच्या मेट्रनबाई खाटा बदलायला सुरुवात करतात, आणि त्या सुरू झाल्या की कुणासाठी थांबत नाहीत. पिकअप पहिल्या दिवसापासून मावशीच चालवते. दिवसभर वाफेत, साबणात आणि इतरांच्या डागांत उभ्या असलेल्या बाईला सकाळचा तो तासभर तेवढा स्वतःचा मिळायचा. चढावर ती तिसऱ्या गिअरमध्ये एका लयीत जायची, आणि शेवटच्या वळणाला फक्त दुसरा. ती लय इतकी पक्की, की इस्पितळाचा पहारेकरी गाडीच्या आवाजावरून फाटक उघडायचा.

आता जावई. जावई म्हणजे हिरा माणूस. त्यांचा एकच त्रास, की त्यांना कोणतीही वस्तू आहे तशी बघवत नाही. स्वतःच्या स्कूटरला त्यांनी खालून निळे दिवे लावले आहेत. सासऱ्यांच्या दाराला त्यांनी अशी घंटा बसवली, की दाबली की गाणे संपेपर्यंत पाहुण्याला बाहेर उभे राहावे लागते. मावशीला साठ वर्षे पूर्ण झाली त्या दिवशी ते म्हणाले, आई, गाडी जरा धुऊन आणतो. सकाळी नेलेली गाडी संध्याकाळी आली ती चार बोटे उंच होऊन. जुने अठ्ठावीस इंची टायर जाऊन तिथे बत्तीस इंची आले होते, जाड, खोल नक्षीचे, आणि ते मावावेत म्हणून गाडीही उचलून घेतली होती. जुने टायर दुकानदाराने ठेवून घेतले. लाँड्रीची गाडी अचानक जंगलात शिकारीला निघाल्यासारखी दिसायला लागली.

मावशीने गाडीभोवती एक फेरी मारली आणि छान आहे म्हणाली. मग दार उघडून पाय ठेवायला गेली तर पाय पोचेना. दुसऱ्या दिवसापासून तिने एक स्टूल घेतले, त्याला दोरी बांधली, स्टुलावरून आत चढायचे आणि दोरीने स्टूल वर ओढून घ्यायचे. जावयांना हे फार आवडले. त्यांना वाटले, आईंनी गाडीसाठी खास काहीतरी केले.

त्यानंतर आठवडाभरातच मावशी इस्पितळात उशिरा पोचली.

गाडी जागेवरून सुटताना जड झाली होती. चढावर तिसऱ्या गिअरला दम लागायचा, दुसरा घालावा लागायचा, आणि शेवटच्या वळणाला तर पहिल्यावर येऊन इंजिन कण्हत कण्हत वर जायचे. मावशीला वाटले, आपलाच क्लचवरचा पाय नीट पडत नाही. तिने सीट पुढे घेतली. मग मागे घेतली. मग गाठोडी कमी केली आणि दोन फेऱ्या करून पाहिल्या, तर दुसऱ्या फेरीला मेट्रनबाई फाटकातच उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, निम्मे पेशंट निजवायचे आणि निम्मे उभे ठेवायचे अशी इस्पितळात पद्धत नाही.

टायरचे नाव कुणी काढले नाही. जावयाने दिलेल्या वस्तूला दोष द्यायची सोय कुठल्या घरात असते? आणि टायर तर नवे कोरे. साठ वर्षांची त्या गाडीत एकच वस्तू होती, आणि ती स्टुलावरून चढत होती. तेव्हा घराने आणि गल्लीने मिळून निदान केले ते तिचेच. आता हात आखडले असतील, कुणी म्हणाले. नजर, दुसरा म्हणाला. आमच्यातल्या एकाने तर स्वतःच्या आत्याचे उदाहरण दिले. तिचेही असेच झाले होते, आणि तिला तर गाडी येतही नव्हती.

लाँड्रीत आईच्या हाताखाली काम करणारी लेक सगळ्यात जास्त प्रेमळ, म्हणून सगळ्यात जास्त धोकादायक. तिने एका दुपारी चादरीच्या घड्या घालता घालता विषय काढला. आई एक टोक धरून, ती दुसरे. ती म्हणाली, तू खूप केलंस, आता बसून देखरेख कर, गाडीला आपण ड्रायव्हर ठेवू. मावशी घडीला घडी जुळवत राहिली. इस्पितळाचे काम गेले तर लाँड्रीत उरतात गल्लीतले शर्ट, हे तिलाही कळत होते. शेवटी ती म्हणाली, "पुन्हा एकदा घंटा चुकली, तर किल्ली मी आपणहून तुझ्या हातात देईन. तोवर हा विषय नको."

लेकीने मान डोलावली. दोघींनी चादर मधोमध आणून घडी पुरी केली.

हे घड्याळजींच्या कानावर गेले. बायकोशी असले काही बोलण्यात ते कच्चे, पण दुसऱ्या दिवशी सकाळी ते दुकान बंद ठेवून मावशीशेजारी गाडीत बसले. स्टूल त्यांनाही लागले. हातात त्यांचे सगळ्यात भरवशाचे घड्याळ, नजर समोरच्या वेगाच्या काट्यावर. सपाट रस्त्याला कडेचे किलोमीटरचे दगड मोजत मोजत त्यांनी हिशेब केला, आणि ते सावरून बसले. काटा पस्तीस सांगत होता. दगड आणि घड्याळ मिळून चाळीस सांगत होते. पुन्हा मोजले. पुन्हा तेच. म्हणजे बायको हळू चालवत नव्हती, गाडीचा काटाच मागे पडत होता.

त्यांना इतका आनंद झाला की चढावर गाडी किती कुंथली याकडे त्यांचे लक्षच राहिले नाही. मागे पडणारा काटा म्हणजे घरचे काम. संध्याकाळी त्यांनी गाडीतला तो गोल डबा सोडवून दुकानात आणला, उघडला, आत पाहतात तर काट्याला धरून ठेवणारी केसासारखी स्प्रिंग, अगदी घड्याळात असते तशीच. चिमट्याने त्यांनी ती किंचित सैल केली. दुसऱ्या दिवशी काटा आणि दगड एकमेकांशी तंतोतंत जुळले. घड्याळजी गल्लीत सांगत फिरले, की गाडीत दोष होता, तो काढला. आता गाडी निर्दोष आहे.

ते खरे समजून सगळे मनात म्हणाले, गाडी निर्दोष आहे तर उरले कोण?

मावशीही तेच म्हणाली. आणि पुढच्याच गुरुवारी, हौदा पूर्ण भरलेला असताना, शेवटच्या वळणावर पुढे बैलगाडीच्या चालीने जाणारा टँकर आला. तिला थांबावे लागले. थांबलेली गाडी चढावर पुन्हा हलेना. हलली तेव्हा वर घंटा वाजत होती, स्वच्छ, सावकाश. तिने सगळे आठ ठोके गाडीत बसून ऐकले. खाली आल्यावर तिने किल्ली लेकीच्या हातात दिली, ठरल्याप्रमाणे, आणि पडद्यांना इस्त्री करायला गेली. त्या दिवशी पडद्यांना अशी इस्त्री झाली की ते वाऱ्याने हलेनात.

ड्रायव्हर मिळेपर्यंत गाडी कोण चालवणार? जावई म्हणाले, मी आहे ना. शुक्रवारी सकाळी ते चढून बसले, उंच माणूस असल्यामुळे स्टुलाशिवाय. शेजारी मावशी, कारण कुठले गाठोडे कुठल्या वॉर्डाचे हे तिलाच ठाऊक. वाटेत ती रस्त्याबद्दल एक अक्षर बोलली नाही. फक्त वळणाच्या अलीकडे म्हणाली, दुसरा घाला. जावई म्हणाले, आई, तिसऱ्यात जाईल, मोठे टायर आहेत. मग त्यांनी दुसरा घातला. मग पहिला. मग गाडी थांबली, आणि सुटताना मागे सरकली, आणि क्लचचा वास आतपर्यंत आला.

घंटा त्या दिवशीही चुकली. मेट्रनबाईंनी ऐकून घेतले आणि सांगितले, की शनिवार-रविवार साठ्यातल्या चादरींवर भागवू, पण सोमवारी आठच्या घंटेआधी चादरी दिसल्या नाहीत, तर दुसरी व्यवस्था तयार आहे.

परत आल्यावर जावयांनी कपाळाचा घाम पुसला आणि सगळ्यांसमोर गंभीरपणे जाहीर केले, "गाडीत काहीतरी गडबड आहे."

सगळ्यांनी माना डोलावल्या. मावशी चालवत होती तेव्हा गडबड वयात होती. जावई बसले आणि ती गाडीत गेली. कुणाला हसू आले नाही. मावशीला आले, पण ती स्टीमप्रेसच्या पलीकडे होती.

त्याच वेळी पुढच्या दुकानात एक गृहस्थ भिंतीवरचे घड्याळ बगलेत घेऊन उभे होते. सांगत होते, की मागे पडते, मग मी रोज काटा थोडा पुढे सारतो. घड्याळजींनी सवयीने भिंग कपाळावर चढवले आणि सुरुवात केली. काटा हा बिचारा निरोप्या आहे. मागची चाके त्याला जे सांगतात...

इथे ते थांबले. गृहस्थ वाट पाहत राहिले. पुढचे त्यांनाही पाठ होते, पण सांगणे त्यांना बरे वाटले नाही. घड्याळजी भिंग तसेच कपाळावर ठेवून मागच्या दाराने लाँड्रीत गेले. मावशीच्या हातातली इस्त्री त्यांनी काढून उभी ठेवली.

"अगं, मी काटा ढकलला," ते म्हणाले. "जन्मभर लोकांना नको म्हणालो, आणि तुझ्या वेळी मीच ढकलला. तो बिचारा तुझ्या बाजूने सांगत होता, की मागचं चाक बदललंय. एकटा तोच सांगत होता. त्याचंच तोंड मी बंद केलं."

मावशीने त्यांच्याकडे पाहिले. मग ती म्हणाली, "आधी ते भिंग खाली घ्या. मला तुमचा डोळा कपाळात दिसतोय."

आमच्याकडे एक मेकॅनिक आहे, त्याला सगळे डॉक्टर म्हणतात, कारण कुठलीही गाडी नेली की तो पहिल्यांदा, आणायला उशीर केलात, असे म्हणतो. शनिवारी सकाळी तो तेच म्हणाला. जावई, मावशी, घड्याळजी तिघेही गेले होते. घड्याळजींनी त्याला हात लावू दिला नाही. आधी मला मोजू दे, म्हणाले. गाडीची मागची बाजू जॅकवर उचलली. घड्याळजी पुठ्ठा अंथरून खाली शिरले. इंजिनापासून मागच्या चाकांकडे जो लांब दांडा जातो, त्याच्यावर त्यांनी खडूची एक रेघ ओढली, टायरवर दुसरी, आणि आतून ओरडले, चाके फिरवा, पण दोन्ही एकदम, बरोबरीने.

डाव्या चाकाला मावशी, उजव्याला जावई. जावयांचे चाक पुढे पळायला लागले.

"माझ्याबरोबर फिरवा, जावईबापू," मावशी म्हणाली. "आधी पोचायची घाई नाहीये आज."

मग दोघांनी बरोबरीने फिरवले, सावकाश, जसे चादरीची दोन टोके धरून चालावे. चाकांची एक फेरी पुरी झाली तोवर आत दांड्याच्या पावणेचारहून किंचित कमी फेऱ्या झाल्या होत्या. डॉक्टर म्हणाला, बरोबर, आतल्या लहान दातेरी चाकाला अकरा दात, मोठ्याला एक्केचाळीस. घड्याळजी गाडीखालून फक्त मुंडके बाहेर काढून म्हणाले, म्हणजे हे घड्याळच आहे. डॉक्टर म्हणाला, घड्याळच आहे काका, तेल जरा जास्त पितं.

मग डॉक्टरने समजावले, आणि जावयांकडे न बघता समजावले, एवढी माणुसकी त्याच्यात आहे. मोठे चाक एका फेरीत जास्त रस्ता कापते. म्हणून काटा कमी सांगतो. तो फेऱ्या मोजतो, त्याला चाक वाढल्याचे कोण कळवणार? आणि तेवढाच जास्त रस्ता इंजिनाला दर फेरीला ओढावा लागतो. जिन्याची प्रत्येक पायरी चार बोटे उंच करायची, वर डोक्यावर गाठोडी द्यायची, आणि मग म्हणायचे की ही बाई हल्ली जिना हळू चढते. सपाटीला कळत नाही. चढावर कळते.

उपाय दोन होते. एक, टायर काढून जुन्या मापाचे घालायचे. दोन, टायर राहू द्यायचे आणि मागच्या आसातली दातेरी चाकांची जोडी बदलायची. लहान चाकाला दहा दात, मोठ्याला त्रेचाळीस. मग टायरच्या एका फेरीला दांडा चार फेऱ्यांहून जास्त फिरेल, आणि उंच केलेल्या पायऱ्या पुन्हा होत्या तेवढ्या होतील. खाणीवर चालणाऱ्या अशाच एका पिकअपची तशी जोडी त्याच्याकडे पडून होती.

जावई बराच वेळ टायरच्या नक्षीत अडकलेला खडा नखाने काढत होते. म्हणाले, "आई, टायरच काढून टाकू. चूक माझीच आहे. तुम्ही बोलला का नाहीत?"

"टायर राहू देत," मावशी म्हणाली.

घड्याळजींना वाटले ती जावयाचे मन राखते आहे. त्यांनी तसे सुचवलेही, की मन राखायला इतर वस्तू आहेत. दाराची घंटा आहे.

"तसं नाही हो," मावशी म्हणाली. "वरच्या वळणाला ती दगडी भिंत आहे ना, तिच्यापलीकडे तळं आहे. एवढी वर्षं त्या रस्त्याने जातेय, मला ठाऊकच नव्हतं. आता वरून दिसतं. सकाळचं त्याच्यावर ऊन असतं. मला तिथे पहिल्या गिअरमध्ये अडकायचं नाही, पण ते बघायचंय."

डॉक्टरने पाना उचलला. ब्रेक मात्र पूर्वीपेक्षा आधी दाबायचा, मावशी, एवढे त्याने बजावले. मोठे चाक थांबायला वेळ घेते, त्याला दातांचा उपाय नाही. मावशी म्हणाली, थांबायची घाई मलाही कधी नव्हती.

रविवारी संध्याकाळी गाडी आली. लेकीने किल्ली आणून आईच्या पुढ्यात ठेवली आणि म्हणाली, उद्या मी येऊ बरोबर? मावशी म्हणाली, ये, गाठोडी उचलायला माणूस लागतोच.

सोमवारी हौदा काठोकाठ भरला. सुटतानाच मावशीला पायाखाली कळले. गाडीने ओळख दिली. चढ सुरू झाला आणि तिसऱ्या गिअरने कुरकुर केली नाही. वळणाला तिने दुसरा घातला, मान डावीकडे वळवून क्षणभर भिंतीपलीकडे पाहिले आणि पुढे गेली. लेकीने विचारले, काय गं? मावशी म्हणाली, येताना दाखवते. वर पहारेकऱ्याने आवाज ऐकून फाटक आधीच उघडले होते. शेवटचे गाठोडे उतरले आणि मग घंटा वाजली. मेट्रनबाईंनी चादरी मोजल्या, अभ्रे मोजले, आणि एक अभ्रा कमी आहे म्हणाल्या. म्हणजे सगळे पूर्ववत झाले होते.

खाली आल्यावर सपाट रस्त्याला लेकीचे लक्ष समोरच्या काट्याकडे गेले आणि तिने सीटची कड घट्ट धरली. काटा पंचेचाळीसच्याही वर होता. ती म्हणाली, आई, जरा हळू. मावशी नेहमीच्याच चालीने जात होती.

घरी येऊन लेकीने वडिलांना बाजूला घेतले. तिचा चेहरा काळजीचा होता. ती म्हणाली, बाबा, आई फार जोरात चालवायला लागली आहे, या वयात बरं नाही, तुम्ही बोला तिच्याशी. घड्याळजींनी डोळे मिटून हिशेब केला. दातांमुळे गाडीचा निरोप आता बरोबर येत होता, आणि स्प्रिंग त्यांनी सैल केलेली होती. चाळीसचे शेहेचाळीस. ते चिमटा घेऊन उठले आणि गाडीपाशी गेले. मावशी हौदा झाडत होती.

"काटा पुढे धावतोय," ते हळूच म्हणाले. "पाच मिनिटांचं काम आहे. लगेच मागे घेतो."

मावशीने झाडू थांबवला. पलीकडे दारात लेक आणि जावई उभे होते, कुजबुजत, तिच्याकडे जरा वचकून बघत.

"राहू द्या हो," ती म्हणाली. "महिनाभर राहू द्या."